चित्त्याने विकलेली गाडी

एका जंगलात एक अस्वल नोकरी करत होतं.

हसू नका, मुलांनो. पूर्वीच्या काळी अस्वलं झाडावर चढायची, मध खायची आणि गोष्टींत यायची. पण या जंगलाचा राज्यकारभार सुधारलेला होता. सिंहाला अजून महाराज म्हणत, पण त्याच्या खाली खाती होती, खात्यांना साहेब होते, आणि साहेबांना दुपारची झोप होती.

आपल्या अस्वलाचं नाव वामनराव. ते वारूळ खात्यात होते. जंगलात वारुळं किती, त्यांतली चालू किती, बंद किती, हे बघत फिरायचं, एवढंच काम. अस्वलाला वारुळांवर नेमणं म्हणजे बोक्याला दुधाच्या राखणीला बसवणं, असं सगळे म्हणत. पण वामनरावांनी आख्ख्या नोकरीत एक मुंगी जिभेला लावली नाही. ते वारुळापाशी जायचे, वाकायचे, आत बघायचे, आवंढा गिळायचे आणि पुढच्या वारुळाकडे निघायचे.

त्यांच्या हातून कधी चूक झाली नव्हती. त्यामुळे त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं कोणाकडे काही नव्हतं. खात्यात कोणी निवृत्त झालं की भाषणं होत. एका समारंभात साहेबांनी चुकून वामनरावांवरच भाषण ठोकलं. "अत्यंत नियमित," एवढं बोलून साहेब खाली बसले. टाळ्या पडल्या. वामनरावांना हारसुद्धा घातला गेला. आपण निवृत्त होत नाही आहोत, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. उगीच वाद कशाला?

पण हार गळ्यात घेऊन घरी येताना त्यांना जरा कसंतरी झालं. त्याच आठवड्यात रविवारी ते रताळी आणायला निघाले, आणि वाटेत त्यांना ती दिसली.

ती म्हणजे गाडी, मुलांनो. भलतंसलतं मनात आणू नका. तसं प्रकरण भलतंच होतं म्हणा.

जंगलाच्या कडेला, चढावर, एका उंबराखाली नवीन पाटी लागली होती. 'रंगनाथ वाहन बाजार. जुनी वाहने, नव्या नजरेने.' आजूबाजूला दोन-चार खटारे उभे होते. त्यांच्या मधोमध ती. पळसाच्या फुलासारखी लाल. बुटकी, लांबट, दोनच दारांची. उभी असली तरी पळून चालल्यासारखी दिसत होती.

वामनरावांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"हात लावून बघा," उंबराच्या बुंध्यातून आवाज आला.

बुंध्याला चिकटून रंगनाथ सरडा बसला होता. इतका वेळ तो सालीच्या रंगाचा होता. आता तो टुणकन बॉनेटवर आला आणि बघता बघता लाल झाला. सरडा धंद्यात असला की त्याला वेगळी जाहिरात करावी लागत नाही.

"कोणाची होती?" वामनरावांनी विचारलं.

"चित्त्याची. एकहाती वापरलेली."

"मग विकली का?"

"त्यांना वेळेचं फार असतं हो."

"म्हणजे?"

"पायी लवकर पोहोचायचे."

रंगनाथने हे इतक्या मोकळेपणाने सांगितलं की वामनरावांना तो फार प्रामाणिक वाटला. इथे लक्ष द्या, मुलांनो. दुकानदाराने एक गोष्ट खरी सांगितली की बाकीच्या गिऱ्हाईक स्वतःच खऱ्या करून घेतं.

"दोष काय आहेत?"

"दोष नाहीत. स्वभाव आहे," रंगनाथ म्हणाला. "डावं दार बाहेरून उघडतं, आतून उघडत नाही. म्हणजे आत बसलेला बाहेर पडायची भीती नाही. टप उघडतो."

"बंद होतो का?"

"बंद कशाला करायचा? बंद टपाच्या गाड्या काय, पैशाला पासरी मिळतात. उजवीकडे वळलं की भोंगा आपोआप वाजतो. बाकीच्या गाड्यांना बिचाऱ्यांना तो हाताने वाजवावा लागतो."

"आणि ब्रेक?"

रंगनाथ किंचित पिवळा पडला. "लागतो."

"लगेच?"

"ब्रेक म्हणजे थोडा धीराचा मामला असतो, वामनराव."

मग रंगनाथने किंमत सांगितली. त्या जंगलात सगळा व्यवहार मधात चालायचा. किंमत इतकी कमी होती की वामनरावांना वाटलं, आपल्या कानात केस फार झाले आहेत. त्यांनी परत विचारली. तीच होती. त्यांच्या गुहेत मागच्या अंगाला मडक्यांत पावसाळ्याचा मध भरून ठेवला होता. बरोब्बर तेवढाच.

"सावकाश विचार करा," रंगनाथ म्हणाला. "काही घाई नाही. तसा एक कोल्हा बघून गेलाय."

मुलांनो, जगातल्या प्रत्येक जुन्या गाडीला एक कोल्हा बघून गेलेला असतो. तो कोल्हा आजवर कोणाच्याही दृष्टीला पडलेला नाही.

वामनराव घरी आले ते रिकाम्या हाताने.

"रताळी?" त्यांच्या बायकोने विचारलं.

"रस्त्यात एक गाडी होती," वामनराव म्हणाले.

इंदुमतीबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. नवऱ्याचं गप्प बसून ऐकलं की तो सगळं ओकतो, हे त्यांना ठाऊक होतं. वामनरावांनी रंग सांगितला. टप सांगितला. भोंगा सांगितला. दाराची गोष्ट सांगताना त्यांचाही आवाज रंगनाथसारखा मऊ झाला.

"किंमत?"

वामनरावांनी मागच्या मडक्यांकडे फक्त एक नजर टाकली.

इथे एक सांगायला हवं. तो मध तसा इंदुमतीबाईंचा होता. वामनरावांचे गुडघे धरल्यापासून झाडावर त्याच चढत होत्या. मधमाश्या त्यांना नाकावरून ओळखत. प्रत्येक मडक्यामागे त्यांच्या नाकावर एकेक गांधी उठून बसलेली होती.

"आणि पावसाळ्यात काय खायचं?" त्या म्हणाल्या. "भोंगा?"

"अगं, पण स्वस्तात आहे."

"मेलेला हत्तीसुद्धा स्वस्तात मिळतो. आणून ठेवता कुठे?"

"तसं नाही. आयुष्यात एकदा तरी माणसाने..." वामनराव थांबले.

"एकदा तरी काय?"

"काही नाही." आणि वामनरावांनी आवंढा गिळला.

इंदुमतीबाईंना रागावलेला नवरा चालला असता. रडलेला चालला असता. पण हा आवंढा त्यांना सोसवत नसे. रोज संध्याकाळी कामावरून येताना नवरा असा एक तरी घेऊन यायचा. त्यांनी तवा उतरवला.

"घ्या म्हणत नाही मी," त्या म्हणाल्या. "पण चार जणांना विचारून तरी बघा."

चार जणांना विचारलं की कुठलीही इच्छा आपोआप मरते, असा त्यांचा अनुभव होता. त्यांना स्वतःला लहानपणी पोहायला शिकायचं होतं. तेव्हाही घरच्यांनी चार जणांना विचारलं होतं.

वामनराव आधी शेजारच्या गव्हाण्यांकडे गेले. गव्हाणे हा गवा होता. त्याच्याकडे करड्या रंगाची, चार दारांची, अत्यंत सुशील गाडी होती. आतल्या गाद्यांवरचं प्लॅस्टिक त्याने अजून काढलेलं नव्हतं.

"अ‍ॅव्हरेज किती देते?" गव्हाण्याने पहिलाच प्रश्न केला.

"विचारलं नाही."

गव्हाणे मटकन खाली बसला. थोड्या वेळाने सावरून म्हणाला, "बरं, माणसं किती बसतात?"

"दोन."

"मग पाहुणे आले तर?"

"पाहुणे बसणार नाहीत," वामनराव म्हणाले. हे वाक्य मोठ्याने म्हटल्यावर कानाला किती गोड लागतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. त्यांनी ते परत एकदा म्हणून बघितलं.

मग ते साहेबांकडे गेले. साहेब रानडुक्कर होते आणि नुकतेच झोपेतून उठले होते.

"विकायला काढलीत तर किती येतील?" साहेबांनी विचारलं.

"अजून घेतलीच नाही, साहेब."

"घेण्याआधी विकण्याचा विचार करावा. मी लग्नसुद्धा असंच केलं." एवढं बोलून साहेब पुन्हा झोपले.

शेवटी ते घुबडाकडे गेले. या घुबडाने जन्मात कुठल्या गाडीत पाऊल ठेवलं नव्हतं, त्यामुळे गाड्यांबद्दल त्याचं मत अगदी शुद्ध होतं. संध्याकाळी ढोलीच्या तोंडाशी बसून तो कोणती गाडी चांगली, कोणती वाईट, हे सांगायचा आणि अर्धं जंगल आ वासून ऐकायचं. त्याने वामनरावांना इंजिनाच्या इतिहासापासून सुरुवात करून सांगितलं. शेवटी तात्पर्य एकच. घेऊ नका.

सगळ्यांनी एकमुखाने नको म्हटलं. गंमत एवढीच की नको म्हणून झाल्यावर प्रत्येकाने इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "लाल म्हणजे कसा लाल हो?"

राहिला मिस्त्री. जुनी वस्तू घ्यायची तर ती ठोकून बघायला हवी, आणि ठोकण्यात सुतार पक्ष्याचा हात कोण धरणार? ठोके मिस्त्री नावाचा सुतार पक्षी होता. त्याला घेऊन वामनराव बाजारात गेले. ठोके मिस्त्री गाडीवर बसला आणि चोचीने ठोकू लागला.

टक टक. "अरेरे."

टक टक टक. "अरेरेरे."

तो गाडीखाली गेला. बराच वेळ खालून नुसता सुस्काऱ्यांचा आवाज येत होता. मग तो काळाकुट्ट होऊन बाहेर आला आणि म्हणाला, "घ्या."

"अहो, मग अरेरे कशाला म्हणत होतात?"

"ते तुमच्याबद्दल. आणि घ्या म्हणतोय ते माझ्याबद्दल," ठोके मिस्त्री म्हणाला. "माझं नवीन घर अर्धवट पोखरून पडलंय. बायको रोज टोचून खाते. तुम्ही ही गाडी घेतलीत की दिवाळीच्या आत माझी वास्तुशांत होईल."

"पण ब्रेक?"

"ब्रेक आहे की. चाकापर्यंत जात नाही, एवढंच. मी नेऊन देतो."

"कधी?"

"घेतल्यावर."

वामनराव तसे शहाणे होते. गाडी घेऊ नये, हे त्यांना आता स्वच्छ कळलं. पावसाळ्याचा मध, तोही बायकोने नाक सुजवून आणलेला, असल्या खटाऱ्यात घालणं पाप आहे, असं त्यांनी स्वतःला बजावलं. घरी येऊन त्यांनी तसं इंदुमतीबाईंना सांगितलं.

"उद्या जाऊन नाही सांगून येतो," ते म्हणाले.

"मीही येते," इंदुमतीबाई म्हणाल्या. "तुम्हाला नाही म्हणता येत नाही. निवृत्तीचा हार घालून आलात घरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं चढ चढून उंबराखाली गेली. रंगनाथ लाल होऊन तयारच होता.

इंदुमतीबाईंनी गाडी बघितली. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली. मग उलट्या दिशेने आणखी एक घातली.

"हिला नाही म्हणायचं आहे ना आपल्याला?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"हो."

"मग बसून म्हणू. चढून चढून दम लागलाय."

त्या उजव्या बाजूने आत बसल्या. समोर चाक होतं. वामनराव डावीकडे बसले. रंगनाथने बाहेरून अदबीने दार लावलं. ते आता बाहेरूनच उघडणार होतं, हे तुमच्या लक्षात आहेच.

गाडीला आतून जुन्या चामड्याचा आणि थोडा चित्त्याचा वास येत होता. डोक्यावर टप नव्हता. उंबराची पानं आणि वर आभाळ. इंदुमतीबाईंनी चाकावर दोन्ही पंजे ठेवले.

"हे काय आहे?" त्यांनी मधल्या एका दांड्याला हात घातला.

"त्याला हात लावू..." रंगनाथ म्हणाला.

पण झाडावरची वाळकी फांदी मोडायची सवय असलेला तो हात होता. दांडा खटकन खाली गेला.

गाडी सुरू झाली नाही, मुलांनो. ती फक्त निघाली. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो उतारावर कळतो.

आधी ती सावकाश निघाली. वामनरावांना वाटलं, आता थांबेल. मग ती थोडी जोरात निघाली. मग उंबर मागे गेला, पाटी मागे गेली, पांढराफटक पडलेला रंगनाथ मागे गेला, आणि वारा आला.

"ब्रेक दाब!" वामनराव ओरडले.

"दाबलाय!"

"मग?"

"मग काय! तो खाली जाऊन बसलाय, वर येतच नाही!"

रस्ता उजवीकडे वळला. इंदुमतीबाईंनी चाक फिरवलं. भोंगा असा काही कोकलला की झाडावरची माकडं पिकल्या फळांसारखी टपाटप खाली पडली. पुढे गव्हाणे आपल्या करड्या गाडीतून रस्त्याच्या मधून, आदर्श वेगाने चालला होता. त्याच्या बाजूने काहीतरी लाल सणकून गेलं. त्याने फक्त एवढंच बघितलं की त्या लाल वस्तूत आपली शेजारीण बसली आहे आणि तिचे कान मागे उडताहेत.

वामनराव किंचाळत होते. झाडं, दगड, वारुळं, सगळं एकमेकांत कालवल्यासारखं झालं होतं. किंचाळता किंचाळता त्यांच्या लक्षात आलं, आपल्या आवाजाशेजारी दुसराही एक आवाज आहे. तो किंचाळण्याचा नव्हता.

इंदुमतीबाई हसत होत्या. तोंड उघडं टाकून, दात दाखवून, डोळ्यांतून पाणी काढून. असं हसताना वामनरावांनी त्यांना कधी बघितलंच नव्हतं. ते किंचाळायचे थांबले. रस्ता सोडून ते बायकोकडेच बघत बसले.

उताराच्या पायथ्याशी त्या दिवशी मोठा समारंभ होता. जंगलातल्या पहिल्यावहिल्या गतिरोधकाचं उद्घाटन होतं. त्या रस्त्यावर दिवसाकाठी गव्हाण्याची गाडी आणि दोन कासवं जात. त्यांच्यापैकी कोणाची गती रोधण्यासारखी नव्हती. पण वरून मंजुरी आली होती, आणि आलेली मंजुरी परत पाठवणं हा तिचा अपमान असतो. आडवी वेल बांधली होती. मंडप होता. स्वतः महाराज आयाळ विंचरून आले होते. ते भाषणात म्हणाले, "वेग हा आपल्या संस्कृतीचा शत्रू आहे." टाळ्या पडल्या. महाराजांनी वेल कापायला नखं बाहेर काढली.

तेवढ्यात वळणावर भोंगा वाजला.

महाराज बाजूच्या घाणेरीच्या झुडपात कसे गेले, हे त्यांचं त्यांना कळलं नाही. गाडीने वेल तोडली. गाडी गतिरोधकावर चढली. आणि मग, मुलांनो, गाडी उडाली. दरबारातल्या साऱ्यांनी माना वर केल्या. त्यांच्या डोक्यांवरून एक लाल पोट गेलं, त्यातून तेल गळत होतं. नंतर पलीकडच्या तळ्यात धप्पकन आवाज झाला आणि सगळीकडे बेडूक पडले.

मग शांतता.

वामनराव आणि इंदुमतीबाई गुडघाभर पाण्यात, गाडीत बसल्या जागी बसून होती. दोघांना काही झालं नव्हतं. इंदुमतीबाईंच्या कानात शेवाळ अडकलं होतं. काठावर दरबार गोळा झाला. धापा टाकत रंगनाथ पोहोचला आणि काय झालंय ते बघताच चिखलाच्या रंगाचा होऊन चिखलात बसला.

महाराज पुढे आले. आयाळीत घाणेरीची फुलं होती. कोणाची हसायची हिंमत नव्हती.

"ही गाडी कोणाची आहे?" महाराजांनी विचारलं.

वामनरावांनी काठाकडे बघितलं. चिखलात दोन डोळे मिटून घेतलेले दिसत होते. गाडी रंगनाथची होती. यात खोटं काहीच नव्हतं. 'रंगनाथची, महाराज, आम्ही नको म्हणून सांगायला आलो होतो,' एवढं म्हटलं की झालं. नोकरी शाबूत, मध शाबूत, नाव शाबूत. दोघं ओल्या अंगाने घरी जातील आणि रताळी खातील.

त्यांनी इंदुमतीबाईंकडे बघितलं. बाईंनी अजून चाक सोडलं नव्हतं. गाडी तळ्यात होती, तरी दोन्ही पंजे चाकावर घट्ट होते.

वामनरावांनी सवयीने आवंढा गिळायला घेतला. तो गिळलाच जाईना.

"आमची, महाराज," ते म्हणाले.

काठावर कोणीतरी श्वास आत ओढला.

"इतक्या वेगाने कुठे निघाला होतात?"

"माहीत नाही, महाराज."

महाराज विचारात पडले. शिक्षा काय द्यावी, हे ते बघत होते. पण त्यांच्या दरबारात सगळेजण कुठे जायचं ते नीट माहीत असून कित्येक वर्षं जागचे हलले नव्हते. कुठे जायचं ते माहीत नसताना इतक्या झपाट्याने जाणारा प्राणी त्यांनी पहिल्यांदाच बघितला. शिवाय एवढी लाल गाडी असलेला प्राणी मोठाच असणार, आणि मोठ्याला शिक्षा करायची राज्यात पद्धत नव्हती.

"राज्यकारभाराला अशांची गरज आहे," महाराज म्हणाले. आणि त्यांनी तिथल्या तिथे वामनरावांना नव्या गतिनियंत्रण खात्याचे साहेब नेमलं. टाळ्या पडल्या.

दरबार पांगल्यावर रंगनाथ चिखलातून बाहेर आला आणि आनंदाने लालेलाल झाला.

"अभिनंदन, साहेब! मध कधी पाठवताय?"

"किती?" इंदुमतीबाईंनी विचारलं.

"ठरला तेवढा, वहिनी."

"तो कोरड्या गाडीचा भाव होता. ही ओली आहे."

"अहो, पण तुम्हीच भिजवलीत!"

"ब्रेक तुमचा होता. बोलवू महाराजांना?"

रंगनाथ आधी हिरवा झाला, मग जांभळा झाला, मग त्याला कोणता रंग धरावा तेच समजेना. शेवटी अर्ध्या मधावर सौदा पटला. पाण्यातून बाहेर काढायचा खर्चही रंगनाथच्याच बोडक्यावर बसला.

आता पुढचं सांगतो, आणि लपवून काही ठेवत नाही. पावसाळा वाईट गेला. अर्धा मध श्रावणाच्या आधीच संपला. वामनराव साहेब झाले होते, पण नव्या खात्याचा पगार अजून वरून मंजूर व्हायचा होता. दोघांनी कडू कंद उकडून खाल्ले. इंदुमतीबाई वाळल्या. एकदा शेवटचं मडकं कोणी चाटलं यावरून दोघांचं असं वाजलं की गव्हाणे आपल्या गोठ्यातून बाहेर येऊन ऐकत उभा राहिला. इंदुमतीबाई तणतणत बाहेर गेल्या. गुहेला दार नसतं, त्यामुळे आपटायला काही नव्हतं. त्यांनी गाडीचं दार आपटलं. इतकी वर्षं संसार करून त्यांना आपटायला हक्काचं दार मिळालं नव्हतं. त्यांनी ते उघडून आणखी दोनदा आपटलं आणि मग त्यांना जरा बरं वाटलं.

ठोके मिस्त्रीचं घर पुरं झालं. त्यावर त्याने मजलाही चढवला. गाडी दुरुस्त व्हायची, चालायची आणि बिघडायची. धक्क्याशिवाय ती कधी सुरू झाली नाही. पण एक नवल असं झालं की ज्यांनी ज्यांनी 'घेऊ नका' म्हणून बजावलं होतं, ते सगळे न बोलावता धक्का मारायला येऊ लागले. साहेब झोपमोड करून येत. घुबड भर दुपारी डोळे चोळत येई आणि कसा धक्का मारावा यावर बोलत बसे. गव्हाणे सगळ्यांत आधी येई. एकदा त्याने खूप आढेवेढे घेत विचारलं, "वहिनी, मी एकदा बसू का?" इंदुमतीबाईंनी त्याला वळणापर्यंत नेऊन आणलं. तो उतरला तेव्हा त्याची शिंगं थरथरत होती. त्या दिवशी त्याने घरी जाऊन आपल्या गाडीतलं सगळं प्लॅस्टिक फाडून काढलं.

गाडी नेहमी इंदुमतीबाईच चालवत. वामनराव डावीकडे बसत. कोणी तरी बाहेरून दार उघडेपर्यंत त्यांना तिथेच बसावं लागे, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नसे.

पुढच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी दोघं अशीच निघाली होती. अर्ध्या घाटात गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली. बॉनेटखालून धूर आला. धक्का द्यायला आसपास चिटपाखरू नव्हतं. इंदुमतीबाईंनी उतरून दार उघडलं, आणि दोघं जवळच्या दगडावर जाऊन बसली. त्यांनी वाटेवरची करवंदं तोडली होती, ती मध्ये ठेवली.

खाली जंगल पसरलं होतं.

"विकून टाकायची का?" वामनरावांनी विचारलं.

"कोणाला?"

"असेल की जंगलात एखादा मूर्ख."

इंदुमतीबाईंनी एक करवंद तोंडात टाकलं आणि सबंध जंगलावरून एकदा नजर फिरवली.

"एकच होता," त्या म्हणाल्या. "तो मला मिळाला."

वामनरावांनी बाकीची करवंदं त्यांच्याकडे सरकवली. अंधार पडायच्या आत दोघं उठली, आणि गाडी ढकलत घराकडे निघाली.

तात्पर्य : शहाणे प्राणी चांगली गाडी घेतात आणि वेळेवर घरी पोहोचतात. पोहोचून पुढे काय करतात, हे मात्र आजवर कुठल्याच बोधकथेत सांगितलेलं नाही.